घराचे चारी कोपरे

दारव्ह्याच्या बाजारपेठेतील तो वाडा रस्त्यावरून पाहणाऱ्यास लहानच वाटे. समोर दुकानाचे तीन गाळे, वर लाकडी कठड्याची माडी आणि मधोमध एक अरुंद दरवाजा. आत शिरल्यावर मात्र घर मागे मागे उलगडत जाई. प्रथम बैठक, मग सागवानी खांबांचा चौक, चौकाच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला हिशेबाच्या वह्यांची कोठी, पुढे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसातील विहीर. पुढे लोकांनी जिला ‘शकुंतला’ म्हटले, ती किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज गाडी यवतमाळकडचा कापूस दारव्हा मोतीबागवरून मूर्तिजापूरला नेत असे, त्या काळात हा वाडा उभा राहिला. गाडी थांबली, कापसाचा व्यवहार बाजार समित्यांच्या आवारात आणि जिनिंगमध्ये गेला, घरातील मुले शिक्षणासाठी बाहेर पडली ती परतली नाहीत. तीन भावांच्या त्या घरात अखेर थोरले बाबूजी आणि त्यांची पत्नी अशी दोघेच उरली.

घर विकावे असे बाबूजींनी ठरवले, त्यामागे कारण होते. नागपूरला असलेल्या मधल्या भावाचा व्यवसाय बुडाला होता आणि देणेकऱ्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. घराचा तिसरा हिस्सा हाती आला तर त्याची अब्रू राहणार होती. पुण्याच्या धाकट्या भावाने फोनवरच संमती दिली. गावात गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. एवढे मोठे घर घेणारा बाहेरूनच येणार आणि बाहेरच्याला घर दाखवायचे म्हणजे ते मोबाईलवर दाखवायचे.

हे काम बाबूजींच्या मुलाचेच होते. यवतमाळला राहून तो बांधकाम व्यावसायिकांसाठी घरांचे पॅनोरामा आणि व्हर्च्युअल टूर तयार करीत असे. पडद्यावर बोट फिरवावे आणि खोलीत आपणच उभे राहून मान वळवल्यासारखे चहूकडे पाहावे. दरवाजावरील खुणेला स्पर्श करावा आणि पुढच्या खोलीत जावे, अशी ही सोय. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने एडिंबरो शहराचे वर्तुळाकार चित्र काढून 1787 मध्ये त्या पद्धतीचे पेटंट घेतले. 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात अशा चित्रांसाठी एक गोल इमारतच उभी राहिली. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि चित्राच्या वरच्या व खालच्या कडा अशा झाकलेल्या असत की चित्र कोठे संपते ते डोळ्यांना कळू नये. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ‘पॅनोरामा’ हा शब्द घडला. दोनशे वर्षांनंतर, 1995 मध्ये, अ‍ॅपल कंपनीच्या क्विकटाइम व्हीआरने तेच वर्तुळ संगणकाच्या पडद्यावर आणले आणि 2013 पासून रिको थीटासारख्या छोट्या कॅमेऱ्यांनी ते सामान्य माणसाच्या खिशात आणून ठेवले.

मुलाने श्रावणात वाड्याचे काम हाती घेतले. वडिलांचे घर, काकांची निकड आणि स्वतःच्या कौशल्याची हौस, या तिन्हींमुळे त्याने काही बाकी ठेवले नाही. चोवीस ठिकाणी तिपाई उभी केली. कोठीतील जुनी कपाटे, माजघरातील बाज, चौकातील बंगई, सारे हलवून खोल्या मोकळ्या केल्या. टूर उघडताच बासरी वाजू लागे, चित्र आपोआप फिरू लागे आणि प्रत्येक भिंतीवर चमकणारे बाण दिसत. पावसाने विहीर काठोकाठ भरली होती. परस हिरवेगार होते. स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडील भिंतीला शेजारच्या पन्हाळीच्या पाण्याने ओल धरली होती, पोपडे सुटले होते. ती भिंत त्याने संगणकावर एका संध्याकाळी स्वच्छ करून टाकली. बांधकाम व्यवसायात असे होतच असते, यापलीकडे त्याने त्याचा विचार केला नाही.

चौकशा पुष्कळ आल्या, पण बहुतेकांनी दोन-तीन चित्रे पाहून टूर बंद केला. कोणाच्या मोबाईलवर तो उघडायला फार वेळ लागे, तर कोणाला चोवीस ठिकाणांत आपण नेमके कोठे आहोत हेच उमगत नसे. एक कुटुंब मात्र शेवटपर्यंत गेले. मूळचे दिग्रसकडचे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुण्यात राहत होते. उतारवयात आपल्या मुलखात परतावे अशी त्यांची इच्छा होती. रात्रभराचा प्रवास करून ते पत्नी आणि वृद्ध आईसह आले.

बैठक पाहिली, चौक पाहिला, तोवर चेहरे प्रसन्न होते. स्वयंपाकघरात आजी थांबल्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना फार चालवत नव्हते, म्हणून त्यांनी आधारासाठी पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला. हाताला ओलसर चुना लागला. त्यांनी तळवा पाहिला, मग बाबूजींकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, चित्रात ही भिंत अशी नव्हती.”

कोणी आवाज चढवला नाही. चहा झाला, गावातल्या ओळखी निघाल्या आणि पाहुणे निरोप घेऊन गेले. आठ दिवस फोन आला नाही. बाबूजींनीही केला नाही.

चाळीस वर्षे बाबूजींनी कापडाचे दुकान चालवले होते. गिऱ्हाईक थान पाहू लागले की ते थान शेवटच्या वारापर्यंत उलगडून दाखवायचे आणि रंग पाहायचा असेल तर गिऱ्हाइकाला दुकानाच्या दिव्याखाली न ठेवता ओट्यावर उजेडात न्यायचे, हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. त्याआधीची पिढी कापसात होती. गाडीतील वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. म्हणून खरेदीदार कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस ओढून काढतो, ओलावा आणि कचरा तेथेच कळतो. त्या दुकानातून नेलेले कापड परत आणून ‘दाखवले ते हे नव्हे’ असे कोणी म्हटले नव्हते. आता ते वाक्य त्यांनी स्वतःच्या घरात उभे राहून ऐकले होते.

त्या रात्री आईने मोबाईलवर टूर उघडला. स्वयंपाकघराचे दृश्य फिरवत फिरवत ती पश्चिमेच्या भिंतीशी आली आणि थबकली.

“इथले थापे कुठे गेले रे?” तिने मुलाला विचारले.

लग्न होऊन घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे आणि सासरी निघालेल्या प्रत्येक लेकीचे हळदीकुंकवाचे हात त्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, उमटलेले होते. काही जवळजवळ पुसट झाले होते. आईचे स्वतःचे दोन हात त्यांत होते. ओल पुसताना मुलाने तेही पुसले होते आणि त्याच्या ते लक्षातही आले नव्हते.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “आई, डाग काढताना गेले असतील.”

बाबूजींनी चष्मा काढून ठेवला. “कसे काढलेस ते मला समजावून सांग,” ते म्हणाले. त्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच मुलाला उत्तर देणे जड गेले. त्याने संगणक उघडून भिंतीचा मूळ फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. बाबूजी बराच वेळ दोन्ही पाहत राहिले.

“साध्या फोटोत तू कॅमेरा दुसरीकडे वळवला असतास तर मी समजलो असतो,” ते अखेर म्हणाले. “पण हे चित्र तर म्हणते की घर चहूबाजूंनी पाहा, काही राखून ठेवलेले नाही. असे म्हणून मग राखून ठेवायचे?”

पुढे पर्युषण आले. श्रावकाच्या सत्याणुव्रतात ज्या पाच मोठ्या असत्यांपासून दूर राहावयाचे, त्यांची गणना आपल्या घराघरांत परिचित आहे: कन्येविषयीचे, गाईविषयीचे, भूमीविषयीचे, ठेव बुडवण्याचे आणि खोट्या साक्षीचे. भूम्यलीक हा शब्द बाबूजींनी लहानपणापासून ऐकला होता आणि तो आपल्याला कधी लागू होईल असे त्यांना वाटले नव्हते. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला. “घराच्या व्यवहारासाठी हा फोन नाही,” ते म्हणाले. “आमच्या चित्राने तुमचा प्रवास फुकट घालवला आणि माताजींना त्रास झाला. त्याबद्दल क्षमा मागतो.” पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग “आईला सांगतो,” एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुलाने टूर नव्याने करायला घेतला. या वेळी बाबूजी प्रत्येक खोलीत त्याच्यासोबत उभे राहिले आणि प्रश्न विचारत गेले. त्या प्रश्नांची उत्तरे देता देता मुलालाही आपले काम नव्याने कळत गेले.

पहिला प्रश्न ठिकाणांच्या संख्येचा होता. पाहुणा घरात आला तर तो कोठे कोठे थांबेल, असे बाबूजींनी विचारले. दरवाजा, बैठक, चौक, देवघर, कोठी, माजघर, स्वयंपाकघर, माडी आणि परस, अशी नऊ ठिकाणे निघाली. चोवीसांची नऊ झाली. पुढे जाण्याची खूण फक्त खऱ्या दारांवर ठेवली, कारण माणूस भिंतीतून जात नाही. बैठकीतून चौकाकडे तोंड करून पाहणारा चौकात पोहोचल्यावर त्याच दिशेला पाहत असावा, अशी प्रत्येक दृश्याची सुरुवात मुलाने जुळवली. पूर्वी तसे नव्हते. दार ओलांडताच दृश्य भलत्याच भिंतीकडे उघडे आणि पाहणारा गोंधळून जाई. कोपऱ्यात घराचा छोटा नकाशा दिला, त्यावर आपण कोठे उभे आहोत तेवढा एक ठिपका.

दुसरा प्रश्न चौकातील खांबाचा होता. पहिल्या टूरमध्ये एक खांब मध्येच तुटल्यासारखा दिसत होता. मुलाने वडिलांना नाकासमोर बोट धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटायला सांगितले. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसले. “कॅमेऱ्याचेही तसेच होते,” तो म्हणाला. पॅनोरामा हे एकच छायाचित्र नसते; कॅमेरा फिरवत चहूबाजूंची सहा, एक वर आणि एक खाली अशी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडायची असतात. शेजारच्या दोन छायाचित्रांत पाव ते एक तृतीयांश भाग सामाईक ठेवावा लागतो. पण फिरवताना कॅमेरा तिपाईच्या स्क्रूभोवती फिरला आणि भिंगातील प्रकाश जेथून आत शिरतो तो बिंदू जागचा हलला, तर जवळचा खांब आणि दूरचे दार यांचा मेळ बसत नाही. तो बिंदू बरोबर आसावर आणणारी पट्टी तिपाईवर बसवावी लागते. मोकळ्या मैदानात चूक खपते. खांबांच्या चौकात खपत नाही.

तिसरा प्रश्न उजेडाचा. वऱ्हाडातील जुन्या घरात माजघर काळोखे आणि दाराबाहेर डोळे दिपवणारे ऊन, ही नेहमीची स्थिती. मोबाईल आपल्या मनाने उजेड ठरवतो, त्यामुळे एका तुकड्यात भिंत पिवळी आणि दुसऱ्यात निळसर येते. मुलाने उजेडाचे आणि रंगाचे माप एकदाच हाताने ठरवून सर्व तुकड्यांना तेच ठेवले. खिडकीबाहेरचेही दिसावे म्हणून प्रत्येक दिशेची तीन छायाचित्रे, कमी, मध्यम आणि अधिक उजेडाची, घेऊन ती एकत्र केली. वेळ सकाळी आठ-साडेआठची निवडली. पंखे बंद केले, कारण फिरते पाते जोडकामात भुतासारखे उमटते. कॅमेरा साधारण 5 फूट उंचीवर, उभ्या माणसाच्या नजरेजवळ ठेवला. अधिक उंचावरून छत खाली आल्यासारखे दिसते आणि फार खालून खोली उगाच भव्य वाटते.

आणि चौथा प्रश्न खोलीच्या आकाराचा. रुंद भिंगामुळे दहा फुटांची खोली चौदा फुटांची वाटते. त्यासाठी कोणी लबाडी करावी लागत नाही, भिंगाचा तो स्वभावच आहे. बाबूजींनी बाज पुन्हा माजघरात आणवली, बंगई चौकात टांगली. बाज केवढी असते ते सर्वांना ठाऊक असते. ती पाहिली की खोली आपोआप आपल्या मापात येते. शिवाय प्रत्येक दृश्याच्या खाली लांबी-रुंदी फुटांत लिहिली.

बासरी गेली, आपोआप फिरणे गेले, चमकणारे बाण गेले. प्रत्येक चित्राचे लहान लहान चौकोन पाडले, म्हणजे पाहणाऱ्याच्या समोर जेवढा भाग आहे तेवढाच प्रथम उतरतो आणि खेड्यातील मंद नेटवर्कवरही अडत नाही.

मग स्वयंपाकघर आले. पश्चिमेची भिंत जशी होती तशी घेतली, ओलीसकट आणि थाप्यांसकट. भिंतीवरील एका छोट्या खुणेला स्पर्श केला की मजकूर उघडे: ओल शेजारच्या पन्हाळीची आहे, पन्हाळ वळवून भिंत नव्याने बांधण्याचा मिस्त्रीचा लेखी अंदाज एक लाख साठ हजार रुपये आहे.

विहिरीपाशी मुलगा अडला. विहीर अजूनही भरलेली होती. त्यात खोटे काही नव्हते. पण यवतमाळ जिल्ह्यात घर घेणारा पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. 2018च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे तळाला जाऊन यवतमाळ शहर टँकरवर आले, ते कोणी विसरलेले नाही. “श्रावणातली विहीर दाखवून वैशाखातली विकायची का?” बाबूजींनी विचारले. वैशाखापर्यंत थांबायला वेळ नव्हता. शेवटी आईच्या मोबाईलमध्ये मे महिन्यात गाळ काढतानाचा फोटो निघाला: तळाशी कमरेएवढे पाणी आणि त्यात उभा असलेला मजूर. तो फोटो तारखेसह भरलेल्या विहिरीच्या शेजारी लावला.

नागपूरहून मधल्या काकांचा फोन आला. “दादा, भिंत दाखवता, आटलेली विहीर दाखवता, मग भाव कोण देईल? माझ्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे हो.” त्या आवाजातील अगतिकता बाबूजींना कळत होती. ते म्हणाले, “भावात जे कमी येईल ते माझ्या हिश्शातून जाईल. तुझा तिसरा हिस्सा पूर्वी ठरलेल्या किमतीप्रमाणेच मिळेल.” शेजारी बसलेल्या पत्नीने फक्त मान हलवली.

नवा टूर थोड्याच लोकांनी पाहिला, पण पाहणारे शेवटच्या दृश्यापर्यंत गेले आणि त्यांचे प्रश्न नेमके होते. आश्विनात पुण्याहूनही फोन आला. दुवा त्यांना कोणी नातेवाइकाने पाठवला होता. गृहस्थांनी विचारले, “माडीचा जिना आईला जमणार नाही, कोठीची झोपण्याची खोली होऊ शकेल का?” कोठीची मापे त्यांनी टूरमधूनच काढली होती. या वेळी ते स्वतःचा मिस्त्री घेऊन आले. त्यांना विचारण्यासारखे फारसे उरले नव्हते. दुरुस्तीचा अंदाज आणि थोडी अधिक रक्कम वजा होऊन सौदा ठरला. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला तो दिवाळीच्या नऊ दिवस आधी. नागपूरच्या भावाला पूर्ण हिस्सा मिळाला. थोरल्याने त्यासाठी किती सोडले हे त्याला वर्षभराने कळले, तेही धाकट्याकडून.

मुलाच्या व्यवसायातही त्यानंतर फरक पडला. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास बांधकाम व्यावसायिकाला भरपाई द्यावी लागते आणि खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास सव्याज रक्कम परत करावी लागते. हे त्याला आधीही ठाऊक होते. आता तो काम घेतानाच सांगतो की भिंत, खिडकीबाहेरचे दृश्य आणि मापे बदलली जाणार नाहीत. इमारत अजून उभी नसेल तर संगणकावर रचलेल्या दृश्यावर ‘काल्पनिक चित्र’ असे ठळक लिहिले जाईल. त्यामुळे दोन कामे हातची गेली. काही नवी मिळाली. त्यांतली बहुतेक, थान शेवटपर्यंत उलगडण्याची सवय असलेल्या जुन्या दुकानदारांच्या मुलांकडून आली.

बाबूजी आणि आई आता यवतमाळला मुलाजवळ राहतात. वाड्याचा टूर विक्रीनंतर जाहिरातीतून काढला गेला, पण आईच्या मोबाईलमध्ये तो ठेवलेला आहे. दुपारी जेवणे आटोपली की ती कधी कधी तो उघडते, बंगईपाशी थोडी थांबते आणि मग स्वयंपाकघरात जाते.

एकदा तिने विचारले, “ती भिंत त्यांनी पाडली असेल ना आता?”

“हो, पाडली. नवी बांधली, पन्हाळही वळवली,” मुलगा म्हणाला. “आजींच्या पलंगाजवळ कोरडे असावे म्हणून.”

“बरे केले,” आई म्हणाली. तिने दृश्य थोडे वळवले, थापे पडद्याच्या मधोमध आणले आणि त्यांतला आपला हात कोणता, ते नातीला दाखवू लागली.